अर्जातला अठरावा रकाना

(समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या संयोजक मंडळास खुलं पत्र)

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि मंडळातील सर्व ज्येष्ठांनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या मेळाव्याला मी मुलीचा अर्ज घेऊन आले होते. लातूरला, मोंढ्यामागच्या मंगल कार्यालयात, सकाळी साडेनऊच्या सुमारास. नोंदणीच्या टेबलापुढं रांग होती. माझ्या पुढं औश्याकडचे एक शेतकरी होते. मुलाचा फोटो घामानं खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून आणला होता.

अर्ज छापील होता. नाव, शिक्षण, जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामाचं कूळ, शेती किती, त्यात बागायत किती अन् कोरडवाहू किती. अठरावा रकाना असा होता: ‘कुटुंबात आंतरजातीय विवाह झाला आहे काय? असल्यास कोणाचा?’ मी लिहिलं, ‘होय, मोठ्या मुलाचा.’ टेबलावरच्या तरुण कार्यकर्त्यानं ते वाचलं, त्याभोवती लाल पेनानं गोल केला, मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या ज्येष्ठांना दाखवून आला आणि अर्ज, फोटो अन् पाचशेची नोट एकाच टाचणीत लावून माझ्या हातात परत ठेवली. ‘मॅडम, राग मानू नका. पुस्तिकेत नाव छापलं की बाकीचे पाव्हणे आम्हाला बोलतात.’

तो उद्धट नव्हता. खाली बघून बोलत होता. माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिनं काही न बोलता टाचणी काढली, फोटोला पडलेलं भोक अंगठ्यानं दाबून सारखं केलं आणि नोट माझ्या पर्समध्ये ठेवली. परत येताना रिक्षात म्हणाली, ‘आई, दादाला सांगू नकोस.’

तिच्या या एका वाक्यामुळं हे पत्र लिहिते आहे. आपल्या समाजाचं नाव मी मुद्दामच घातलेलं नाही. वेगवेगळ्या समाजांतल्या मैत्रिणींकडून त्यांच्या त्यांच्या मेळाव्यांचे अर्ज मागवून पाहिले. कुठं हा रकाना असतो, कुठं तळाशी ‘आंतरजातीय क्षमस्व’ एवढंच असतं, कुठं छापलेलं काहीच नसतं पण टेबलावर तोंडी विचारतात. त्यामुळं हे पत्र ज्यांना आपलं वाटेल त्या सगळ्यांचं आहे.

मेळाव्यावर माझा राग नाही, हे आधी सांगते. आपण मेळावे सुरू केले तेव्हा मध्यस्थांची कमिशनं वाचली, मुलगी दाखवण्याच्या नावाखाली होणारे कांदेपोहे आणि अपमान कमी झाले. दुष्काळाच्या वर्षी आपण सामुदायिक विवाह लावले आणि कर्जाच्या खाईत जाणारी कितीतरी घरं वाचवली. मी त्या मांडवात पंगतीला वाढलेलं आहे. म्हणून तर मुलीला घेऊन आपल्याकडंच आले.

माझं म्हणणं त्या एका रकान्यापुरतं आहे. त्याच्या मागं जो समज आहे तो असा, की जातीची ही रेघ पूर्वापार अशीच आखलेली आहे आणि आपण फक्त ती राखतो आहोत. ते खरं नाही. ही रेघ आपल्याच हातांनी एकदा हललेली आहे, आणि ती हलल्यामुळंच आपला मेळावा भरतो.

आपल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काय छापलंय बघा: ‘सर्व पोटजातींसाठी’. आज आपल्याला हे किती साधं वाटतं! माझ्या आजेसासऱ्यांच्या चुलत भावानं याच समाजातल्या दुसऱ्या पोटजातीची मुलगी केली, तर भावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. विहिरीवर पाणी मिळेना, मयताला खांदा मिळेना. शेवटी जातजेवण घालून, दंड भरून ते परत जातीत आले. त्या जेवणासाठी दोन बैल विकले होते, असं सासूबाई सांगायच्या. ज्या लग्नासाठी त्यांनी बैल विकले, ते लग्न आज आपण मंडप घालून, ध्वनिक्षेपक लावून जुळवतो.

हे आपोआप घडलेलं नाही. इंग्रजांच्या काळात न्यायालयं हिंदूंची लग्नं धर्मशास्त्राच्या मापानं मोजायची. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची बाई असेल तर अनुलोम म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात ते कधी टिकायचं. उलट असेल तर प्रतिलोम, आणि ते रद्द. १९१२ मध्ये याच न्यायालयानं ब्राह्मण बाई आणि शूद्र पुरुषाचं लग्न अवैध ठरवलं होतं. बाईनं खाली पाहायचं नाही, हा नियम तेव्हा निकालपत्रात लिहिलेला होता. आज तो आपल्या बैठकांत बोलला जातो, ‘पोरानं केलं तर एक वेळ चालून जाईल, पोरीनं केलं तर संपलं.’

त्याआधी १८७२ चा एक विशेष विवाह कायदा होता, ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून आलेला. त्यात जातीबाहेर लग्न करायला वाट होती, पण दोघांनी लेखी द्यायचं होतं की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन, कुणीच नाही. लग्न हवं तर धर्म नाकारा! १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानं त्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना धर्म न नाकारता आपापसांत लग्न करता येऊ लागलं. मात्र तसं केलं की एकत्र कुटुंबातून नाव तुटायचं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय विवाहाचा कायदा केला होता. नुसता कायदा करून ते थांबले नाहीत, स्वतःच्या नात्यातली कागलची मुलगी इंदूरच्या होळकरांकडं द्यायचं त्यांनी ठरवलं. मराठा-धनगर सोयरीक, तीही राजघराण्यात. ते लग्न त्यांच्या पश्चात लागलं.

आणि मग १९४६. त्या वर्षीच्या कायद्यानं एकाच जातीच्या दोन पोटजातींमधलं लग्न, आणि सगोत्र लग्नही, निःसंशय वैध झालं. आपल्या मुखपृष्ठावरच्या त्या दोन शब्दांच्या मागं हा कायदा उभा आहे. मराठवाड्याला तोही लगेच मिळाला नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो, ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे आपल्याला लागू नव्हते. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं, तेव्हा इकडं रझाकारांचे दिवस होते. मराठवाडा मुक्तीचा १७ सप्टेंबर अजून पाच महिने लांब होता. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की जात मोडायचा खरा उपाय बेटीव्यवहार आहे, नुसतं सहभोजन पुरणार नाही.

१९४९ चा हिंदू विवाह वैधता कायदा मी वर्गात मुद्दाम शिकवायचे, पाठ्यपुस्तकात नसला तरी. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. जात, पोटजात किंवा पंथ वेगळा आहे एवढ्याच कारणावरून हिंदूंचं कोणतंही लग्न अवैध मानलं जाणार नाही, आणि पूर्वीही कधी अवैध होतं असं मानलं जाणार नाही. म्हणजे कायदा मागं वळला आणि आधीच्या पिढ्यांतल्या जोडप्यांनाही हाताला धरून घरात घेऊन आला. आमचे ते चुलत आजेसासरे तोवर हयात नव्हते. पण मी वर्गात हे वाक्य सांगायची तेव्हा मला दर वेळी ते दोन बैल आठवायचे.

त्याच १९४९ साली दक्षिण आफ्रिकेत नेमकं उलटं घडलं. तिथल्या सरकारनं गोरे आणि इतर वंशांचे लोक यांच्यातल्या लग्नावर बंदी घातली, ती १९८५ पर्यंत राहिली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तर अशा लग्नाविरुद्धचे कायदे १६९१ पासूनचे. रिचर्ड लव्हिंग गोरे, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी वंशाच्या. १९५८ मध्ये ते वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून गावी परतले. काही आठवड्यांनी मध्यरात्री शेरीफ त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. भिंतीवर लग्नाचा दाखला टांगलेला होता. तो इथं चालत नाही, असं सांगून दोघांना अटक केली. शिक्षा एक वर्षाची, पण पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहिलात तर माफ. गावाबाहेर काढलं! आपल्याकडचा वाळीत टाकण्याचा ठराव आणि तो निकाल यांत मला भाषेपलीकडं फारसा फरक दिसत नाही. त्या न्यायाधीशांनी १९६५ मध्ये कारणही लिहिलं: देवानं वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी त्यांनी मिसळू नये हीच त्याची इच्छा. १२ जून १९६७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो कायदा मोडीत काढला. तेव्हा सोळा राज्यांत असे कायदे होते. अलाबामाच्या राज्यघटनेतून ते कलम जायला २००० साल उजाडलं आणि तेव्हाही सुमारे चाळीस टक्के मतदारांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं.

पण माणसं बदलली. १९५८ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला पसंती देणारे गॅलपच्या पाहणीत शंभरात चार होते, २०२१ मध्ये चौऱ्याण्णव. आपल्याकडं कायदा त्यांच्या आधी झाला. १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा तर लव्हिंग दांपत्याच्या लग्नाच्याही आधीचे. तरी २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न झालेल्या बाया शंभरात जेमतेम पाच-सहा निघाल्या. तिकडं कायदा बदलला आणि त्याच्यामागून मनंही बदलली. आपल्याकडं कायदा पुढं गेला आणि आपण अर्जात रकाना छापला.

हे सगळं परदेशातलं, मुंबई-दिल्लीतलं झालं म्हणाल, तर बसवकल्याण आपल्यापासून किती लांब आहे? उमरग्याहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत परत येता येतं. बाराव्या शतकात तिथं महात्मा बसवेश्वरांच्या शरणांनी हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचं लग्न लावलं. राजा बिज्जळानं दोन्ही बापांना हत्तीच्या पायी बांधून फरफटवलं, असं परंपरा सांगते. पोरांनी पळून जाऊन केलेलं लग्न नव्हतं ते. दोन बापांनी राजीखुशीनं जुळवलेली सोयरीक होती आणि शिक्षाही बापांनाच झाली. आपल्यातले किती जण बसव जयंतीच्या मिरवणुकीत असतात! आणि पैठणला नाथषष्ठीला जाणारे आपण नाथमहाराज अस्पृश्याच्या घरी जेवले ही कथा लेकरांना सांगतोच. रोटीची गोष्ट आपण इतक्या वर्षांत पचवली. बेटीपाशी येऊन थांबलो.

आता माझ्या मुलाचं. तो आणि माझी सून पुण्यात नोकरीला होते. सून अनुसूचित जातीतली आहे. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. कायद्यानं ती तीस दिवस फलकावर लावतात, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडंही तिची प्रत लावायला जाते. आक्षेप घ्यायचा तर कारणं मोजकीच आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मानसिकदृष्ट्या संमती देण्यास असमर्थ असणं, जवळचं नातं. जात हे कारण त्यात नाही. पण फलकावरची नोटीस वाचायला कारण लागत नाही. आमच्या भावकीतल्या कुणीतरी काचेतून मोबाइलवर फोटो काढला. काचेत त्याचं स्वतःचं बोटसुद्धा उमटलं होतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो पन्नास घरांत पोचला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर बैठक बसली. मी चहा केला, कुणी घेतला नाही.

तीस दिवस आम्ही कसे काढले ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. आमचे हे मुलाशी चौदा महिने बोलले नाहीत. आणि मी? मीही लग्नाला गेले नाही. बत्तीस वर्षं समता शिकवणारी बाई तीन साक्षीदारांतली एक व्हायला पुण्याला गेली नाही, ही गोष्ट मला आयुष्यभर सलणार आहे. चौदा महिन्यांनी एका संध्याकाळी ह्यांनी स्वतःहून फोन लावला आणि विचारलं, ‘तिकडं पाऊस आहे का?’ आमच्याकडं तेव्हा सोयाबीन वाळत होतं. पलीकडं फोन सुनेनं उचलला होता. ती म्हणाली, ‘आहे बाबा, इकडं आहे.’ त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं.

सगळीकडं फोन येत नाही. २०२१ च्या डिसेंबरात वैजापूर तालुक्यात सख्ख्या भावानं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या बहिणीचा जीव घेतला. २०२३ च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी घरच्यांनीच मारली आणि शेतात जाळली. आपण म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध, आम्ही तर फक्त अर्ज छापतो. ज्येष्ठांनो, मी आपल्यावर तो आरोप करत नाही. पण त्या बापांना, त्या भावांना कशाची भीती होती? ‘धाकटीचं कसं होणार, चारचौघांत तोंड कसं दाखवायचं’, हीच ना? ती भीती हवेतली नाही, हे आपल्या अठराव्या रकान्यात आपण छापून दिलेलं आहे. एकानं जातीबाहेर केलं तर त्याच्या भावंडांची पुस्तिकेतली जागा जाईल, हे आपण लेखी सांगतो आहोत.

आणखी एक, ज्यावर बैठकांत कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपल्याच पुस्तिकेत तिशी उलटलेले किती मुलगे आहेत ते मोजा. शेतकरी नवरा नको म्हणतात, हे खरं. पण मुलीच कमी आहेत, हेही खरं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली होत्या. त्या मुली आता लग्नाच्या वयात येत आहेत, आणि ज्या आल्याच नाहीत त्या येणार नाहीत. मग लाख-दोन लाख देऊन एजंटामार्फत दूरवरून मुलगी आणली जाते. तिची जात कोण विचारतं? देवक कोण विचारतं? काही घरांत ती चांगली नांदते, काही घरांतून आठ दिवसांत दागिने घेऊन निघून जाते. पैसे मोजून आणलेल्या अनोळखी मुलीला आपण जात विचारत नाही, आणि शेजारच्या गल्लीतली, आपल्या पोरानं पाहिलेली, शिकलेली मुलगी जातीवरून नाकारतो. हे मला कुणीतरी समजावून सांगा.

कायद्याचा धाक घालायला मी हे लिहीत नाही, पण माहिती असावी म्हणून सांगते. महाराष्ट्रात २०१७ च्या जुलैपासून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू आहे. बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाशी सोयरीक करायची हा प्रत्येक घराचा स्वतःचा प्रश्न आहे. एखाद्या घराशी कुणीच करू नये असं मिळून ठरवणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ ला स्पष्ट सांगितलं आहे की दोन सज्ञान माणसांचं ठरल्यावर कुटुंबाची, कुळाची वा समाजाची संमती लागत नाही. आणि माझ्या मुलाला-सुनेला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून आंतरजातीय विवाहाच्या योजनेचे पन्नास हजार मिळाले. त्यांनी ते भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला घातले, कारण आडनावं ऐकून दोन घरमालकांनी आधीच नाही म्हटलं होतं. ज्या लग्नाला सरकार पन्नास हजार देतं, त्याच लग्नापायी आपल्या टेबलावरून पाचशे परत आले.

माझी मागणी मोठी नाही. आंतरजातीय लग्नं लावा असं मी म्हणत नाही; लावलीत तर मी वाढायला येईन. फक्त अठरावा रकाना काढा. ‘क्षमस्व’ काढा. तोंडी विचारणंही थांबवा. ज्या पाव्हण्यांना ते महत्त्वाचं वाटतं ते बैठकीत स्वतः विचारतील, आम्ही खरं सांगू, आणि पटलं नाही तर चहा घेऊन उठतील. तो त्यांचा हक्क. पण तो प्रश्न आपल्या लेटरहेडवर, आपल्या शिक्क्याखाली नको. आणि ज्या घरांचे अर्ज आपण मागच्या वर्षांत परत केले, त्यांना एकेक पोस्टकार्ड टाका की या वर्षी या.

दिवाळीनंतरच्या मेळाव्याचा अर्ज मी आणून भरून ठेवला आहे. मुलीला विचारून. नवा फोटो काढायचा म्हणाली होती, मग म्हणाली, तोच लाव. अठराव्या रकान्यात ‘होय’ लिहिलं आहे, आणि ‘असल्यास कोणाचा’ याच्यापुढं या वेळी मुलाबरोबर सुनेचंही नाव, तिच्या माहेरच्या गावासकट, पूर्ण लिहिलं आहे. पाचशेची नोट पाकिटात वेगळी ठेवली आहे, टाचणी लावलेली नाही. मुलानं हे पत्र आधी वाचलं आहे. त्याला सगळं सांगून झालं. येत्या सोमवारी कार्यालय उघडलं की अकराच्या सुमारास मी आणि हे दोघंही अर्ज घेऊन येतो आहोत.

आपली,
समाजातलीच एक आई, निवृत्त शिक्षिका
लातूर